हिमाचलमधल्या स्पितीला पहिल्यांदाच निघताय आणि टायर कुठले घ्यायचे ते विचारताय?
जरूर जा, पण मनालीकडून घुसू नका. पुणे जेमतेम 560 मीटरवर, त्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. एका दिवसात एवढं चढलं की डोकं ठणकणारच. शिमला, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, गाठा. वेळ जास्त जातो, जाऊ दे. सिंहगड धावत चढणारेही तिथे आडवे होतात, फिटनेसचा तोरा नको.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- काझात पोचल्या पोचल्या कोमिक, हिक्कीम ही आणखी उंचावरची गावं उरकणं. एक दिवस नुसते बसा.
- उशिरा निघणं. ऊन चढलं की बर्फ वितळतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो.
- काझाचा पंप दिसूनही टाकी न भरणं.

उलट्या सुरू झाल्या, तोल जायला लागला तर थेट खाली उतरा. टायर कुठले, ते नंतर बोलू.