ईसीएम रिसेट करायच्या आधी हे वाच

भावा, बॅटरीची वायर काढून ईसीएम (इंजिन सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) रिसेट केला की गाडी नव्यासारखी पळते असं कोणीतरी सांगितलं असेल तुला, पण आधी नीट समजून घे. ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) रीडिंग बघून पेट्रोल किती सोडायचं ते सतत अॅडजस्ट करत असतो आणि ती सवय लक्षात ठेवतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. रिसेट म्हणजे मुख्यतः ती सवय पुसणं. पॉवर वाढत नाही.

मग कधी करायचं? थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा किती जाईल ते ठरवणारी झडप) साफ केली, सेन्सर बदलला, हवेची गळती काढली, तेव्हा. कारण जुनी सवय आता चुकीची असते. पण व्हॅक्यूमचा पाईप फाटलेला असताना रिसेट केलंस तर दोन दिवस बरं वाटेल आणि परत तेच, वर फॉल्ट कोडही (ईसीएमने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणा) पुसले जातील म्हणजे मेकॅनिकला धागाच मिळणार नाही. म्हणून आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीएम वाचणारं यंत्र) लावून कोड लिहून घे, लाँग टर्म ट्रिम (फ्युएल ट्रिमची मुरलेली सवय) बघ, तो प्लस दहा टक्क्यांच्या वर सतत दिसत असेल तर गळती किंवा पेट्रोलचं प्रेशर तपास.

वायर काढायचीच असेल तर इग्निशन बंद, दहा नंबरचा पाना, आधी निगेटिव्ह काढ आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. बऱ्याच नव्या गाड्यांत वायर काढूनही सगळं पुसलं जात नाही, तिथे स्कॅनरच लागतो. नंतर आयडलिंग थोडं वरखाली होईल, घाबरू नकोस, एसी बंद ठेवून इंजिन गरम होऊ दे आणि थोडे दिवस शांतपणे चालव.