वूडू देवतांची चित्रं काढणारा हैतीचा प्रसिद्ध चित्रकार कोण? ती चित्रं काळ्या जादूची असतात का?

तुम्ही बहुतेक एक्तोर इपोलितबद्दल (1894–1948) विचारताय. इंटरनेटवर शोधताना 'हेक्टर हिप्पोलाइट' असं शोधा.

आधी काळ्या जादूचं बघू. वूडू हा हैतीतल्या साध्या माणसांचा रोजचा धर्म. त्यातल्या देवतांना 'ल्वा' म्हणतात. त्या भक्तांच्या अंगात येतात, नवस-नैवेद्य घेतात, रुसतातही. सुया टोचलेल्या बाहुल्या वगैरे सिनेमावाल्यांचं काम. (इपोलितच्या एका चित्राचं नाव मात्र खरंच 'काळी जादू' आहे! ते मिलवॉकीच्या कलासंग्रहालयात आहे.)

इपोलित हैतीतल्या सें-मार्क गावचा. चपला शिवल्या, घरं रंगवली, आणि घराण्यातच वूडूचं पुजारीपण होतं. मोंरुई गावातल्या एका दारूच्या गुत्त्याच्या दारावर त्याने फुलं-पक्षी रंगवले होते. डेविट पीटर्स या अमेरिकन चित्रकाराची नजर त्या दारावर पडली. पीटर्सने 1944 मध्ये राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला 'सांत्र दार' हे कलाकेंद्र काढलं आणि पुढे इपोलितला तिथे बोलावून घेतलं. तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती. घरं रंगवायचा एनॅमल, पुठ्ठा आणि ब्रशच्या जागी कधी कोंबडीची पिसं, कधी नुसती बोटं. पुढच्या तीनेक वर्षांत त्याने शेकडो चित्रं काढली. अतिवास्तववादाचा पुढारी, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों हैतीला आला तेव्हा त्यातली पाच विकत घेऊन गेला.

यातला काळ विसरू नका. 1941-42 मध्येच चर्चने सरकारच्या पाठिंब्याने वूडूविरुद्ध मोहीम काढली होती. देवळं पाडली, पूजेचं सामान जाळलं. त्यानंतर चार वर्षांच्या आत हा माणूस तलवारवाला ओगू आणि समुद्राची ला सिरेन उघडपणे रंगवत होता. ला सिरेनशी आपलं लग्न झालंय, असं तो सांगायचा. त्याला 'भाबडा कलाकार' (कलेचं शिक्षण न घेता साधंसोपं काढणारा) म्हणतात, ते मला पटत नाही. तो कल्पनेतले देव काढत नव्हता, घरातल्या माणसांसारखी ओळख होती त्यांच्याशी. चित्रांना वेळ मिळावा म्हणून पुजारीपण काही काळ थांबवायची परवानगी त्याने ल्वांकडे मागितली होती, आणि त्यांनी ती दिली, असं त्याचंच म्हणणं.

त्याची चित्रं बघायची तर सुरुवात 'काँगोची राणी'पासून करा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, 1946 चं.