किमो आणि शेकांसोबतच इम्युनोथेरपी मागावी का?

तुमच्या वडिलांना अन्ननलिकेचा स्क्वॅमस कॅन्सर आहे, सोमवारपासून किमो आणि शेक (रेडिएशन) सुरू होतायत, पुढे ऑपरेशन ठरलंय, आणि घरचे म्हणतायत की इम्युनोथेरपीही (शरीराच्या रक्षक पेशींना कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) आत्ताच मागा. मी डॉक्टर नाही. कळव्याला राहते, बाबांना हेच उपचार देऊन झालेत.

आत्ता हट्ट धरू नका. शेकांनी गाठ फुटली की शरीराच्या रक्षक पेशींना ती ओळखू येते, म्हणून तिन्ही एकत्र देऊन बघण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. पण ऑपरेशन होणार असेल तर नेहमीचा क्रम असा: पाच आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही किमो, सोबत २३ शेक, काही आठवड्यांनी ऑपरेशन. काढलेल्या भागात कॅन्सरच्या पेशी उरलेल्या दिसल्या, तर वर्षभर निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन. २०२१ साली छापून आलेल्या चेकमेट ५७७ चाचणीत आजार परत न येण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांनी तरी गाठलेला) त्यामुळे ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला. म्हणून ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट नीट जपा, इम्युनोथेरपीचा प्रश्न तो हातात घेऊन विचारा.

बाबांच्या रिपोर्टमध्ये पेशी उरल्या होत्या, इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात कोरडा खोकला लागला. पावसाळा होता, मी केमिस्टकडून सिरप आणलं आणि आठ दिवस घालवले. मग जिना चढताना त्यांना धाप लागली. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांना सूज निघाली. शेकांनीही ती येते, इम्युनोथेरपीनेही, आणि दोन्ही घेतलेल्या माणसात कशामुळे आली ते सांगणं अवघड असतं. स्टेरॉइडने उतरली, पण इंजेक्शनं थांबली ती थांबलीच. ते आठ दिवस मला अजून खातात. तुमच्याकडे इम्युनोथेरपीची वेळ आली, तर खोकला, धाप किंवा सततचे जुलाब यांपैकी काहीही दिसलं की त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. या इंजेक्शनांनी थायरॉइडही बिघडू शकतं, तेही अधूनमधून तपासून घ्या.

सोमवारी मात्र एका गोष्टीचा हट्ट जरूर धरा. शेक सुरू झाले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसा इतका जळतो की पेजही उतरत नाही. पोटात अन्नाची नळी आधीच घालून ठेवायची का, हे पहिल्याच दिवशी विचारा. नळी नको म्हणून बाबा अडून बसले, आम्हीही त्यांचं ऐकलं, आणि त्यांचं वजन सात किलोंनी उतरलं तेव्हा ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी लागली.