एसटी स्टँडच्या भिंतीवर मोबाइलच्या व्यसनाचं चित्र काढायचंय. काय काढावं? आणि अशा चित्राने कोणाला काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की गाव मालवणच्या अलीकडे आहे, मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढलीय आणि साखळदंडाने मोबाइलला जखडलेल्या माणसाचं चित्र जवळपास नक्की झालंय. मी याच पट्ट्यात भिंती रंगवतो. शाळांच्या बोलक्या भिंती, स्वच्छतेचे संदेश, होड्यांवरची नावं. पूर्वी दुकानांच्या पाट्याही करायचो, ते काम फ्लेक्सने खाल्लं. तेव्हा तंत्रज्ञानाबद्दल माझा थोडा आकस आहे हे धरूनच पुढचं वाचा.

साखळदंड काढू नका. ‘मोबाइल: शाप की वरदान’ असा विषय शाळेच्या स्पर्धेत दिला की निम्मी मुलं हेच काढतात, उरलेली मोबाइलच्या तोंडात माणूस घालतात. बघणारा मान डोलावतो, ‘खरं आहे, आजकालची पोरं’ म्हणतो आणि परत व्हॉट्सअॅप उघडतो. साखळदंडातला माणूस आपण आहोत असं कोणालाच वाटत नाही. तो नेहमी शेजारचा असतो.

या विषयावरची गाजलेली चित्रं बघा, त्यात उपदेश जवळपास नसतोच. बँक्सी या नाव लपवून काम करणाऱ्या इंग्लिश चित्रकाराने २०१४ साली ब्रिस्टल शहरात एका दारावर मिठीत असलेलं जोडपं काढलं. दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून आपापल्या फोनमध्ये बघतायत, चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड. बस, एवढंच. कोणी वाईट नाही, कोणी राक्षस नाही. जवळच मुलांचा एक क्लब होता आणि तो पैशाच्या अडचणीत होता. क्लबवाल्यांनी ते चित्र काढून आत नेलं, मग मालकी कोणाची यावरून वाद झाला. शेवटी बँक्सीनेच पत्र लिहून ते क्लबला दिलं आणि ४ लाख ३ हजार पौंडांना ते विकलं गेलं. त्याच वर्षी कॅनडात व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये आयहार्ट नावाच्या चित्रकाराने एक रडणारं पोर काढलं. त्याच्या डोक्यावर इन्स्टाग्रामसारखा लाल फुगा, त्यात लाइक, कॉमेंट, फॉलोअर सगळं शून्य. आपल्याकडच्या कुठल्याही दहावीच्या पोराला ते सांगावं लागणार नाही.

पण तुमच्या कामाचं चित्र तिसरं आहे. तेही २०१४ मधलंच, चेल्टनहॅम शहरातलं, बँक्सीचं. रस्त्यावर एक खराखुरा टेलिफोन बूथ उभा होता. त्याच्या मागच्या घराच्या भिंतीवर त्याने लांब कोटातले, काळ्या चष्म्यातले तीन हेर काढले, हातात संभाषण चोरून ऐकायची यंत्रं. त्याच शहरात ब्रिटिश सरकारचं हेरगिरीचं मोठं केंद्र आहे, आणि आदल्याच वर्षी अमेरिकी हेरखात्यासाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने सरकारं लोकांचे फोन कसे चाळतात ते उघड केलं होतं. बूथ काढून टाकला तर त्या चित्रात काही उरत नाही. पुढे २०१६ मध्ये भिंतीचं काम चालू असताना ते नष्टही झालं. सांगायचा मुद्दा एवढाच, की त्याने नुसती रिकामी भिंत नाही, तर तिथे आधीपासून असलेली वस्तू वापरली.

तुमच्या स्टँडवर काय आहे? बाक आहे. आणि बाकावर गाडीची वाट बघत, मान खाली घालून फोन बघणारी माणसं आहेत. फुकटची मॉडेलं! तुम्ही मात्र ठरवलंय कंपाउंडची लांबची भिंत, कारण ती मोठी आहे. मी असतो तर बाकामागची भिंत घेतली असती. तिथे बसलेल्याच्या डोक्याच्या वर, वाकून त्याच्या फोनमध्ये डोकावणारी दोन-तीन पात्रं काढायची. बसणाऱ्याला ती दिसत नाहीत. समोर उभ्या असलेल्यांना दिसतात, ते हसतात, आणि मग बसलेला मागे वळून बघतो. गाडी येईपर्यंत हाच खेळ चालेल.

पात्रं कोणती? आपल्याकडे तयार आहे की! दशावतारी नाटकातला संकासुर. वेद चोरणारा, काळ्या वेशातला, मालवणीत सगळ्यांची फिरकी घेणारा, सरपंचापासून देवस्थानच्या मानकऱ्यांपर्यंत कोणाला न सोडणारा. त्याच्या काखेत वेदांऐवजी चार्जरची वायर द्या. शेजारी पेन्शनच्या कामाला निघालेली एक आजी, आणि मुंबईहून आलेला चाकरमानी, हात वर करून रेंज शोधणारा. वर एकच ओळ: ‘रेंज खय गावता रे?’ संकासुर चिडवतो, शिकवत नाही, म्हणून लोक त्याचं ऐकून घेतात. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची, आवड असेल तर आधी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. ठाकर समाजाची ती परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथली चित्रं नीट बघा: मोठे डोळे, ठसठशीत रेषा, लांबूनही ओळखू येणाऱ्या आकृत्या. भिंतीला हेच लागतं. नक्कल मात्र करू नका, ती त्यांची आहे.

आजी आणि चाकरमानी घालायला सांगतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे फोन म्हणजे नुसतं व्यसन नाही. २०२०च्या टाळेबंदीत पोरं रेंजसाठी सड्यावर, डोंगरावर जाऊन ऑनलाइन तास करत होती. मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा अंदाज सांगतो, तो होडीचा प्रमुख तांडेल फोनवर बघतो. मुलगा बोरिवलीला आणि आई इथे, असं घर संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर चालतं. हे सगळं वगळून फक्त ‘मोबाइल वाईट’ असं रंगवलंत तर गाव मनातल्या मनात तुम्हाला खोटं ठरवेल.

आता फरक पडतो का. सवय मोडायला चित्र पुरत नाही, हे स्वच्छ सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. तो गावाचा निर्णय होता, भिंतीचा नव्हे. चित्राने फार तर बोलणं सुरू होतं. आणि हो, लोक तुमच्या चित्रासमोर सेल्फी काढणारच. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ साली कोलेट मिलर या चित्रकर्तीने भिंतीवर पंख काढले, आता जगभर पंखांपुढे उभं राहून फोटो काढतात. बाकामागच्या चित्राला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. फोन हातात धरलेला माणूस समोर आला की ते पुरंच होतं.

रंगाचं मात्र नीट ऐका, वर्गणी तिथेच बुडते. भिंत जांभ्याची आणि उघडी असेल तर ती रंग पिते; आधी सिमेंटचा गिलावा, तो नवा असेल तर पाणी मारून झाल्यावर महिनाभर सुकू द्या. ओल मागून येत असेल तर खार फुटतो आणि कितीही महाग रंग पापुद्र्यासारखा सुटतो. तसली भिंत सोडूनच द्या. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि अॅक्रिलिक इमल्शन. ऑइल पेंट नको. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मे उजाडण्याआधी संपवा. पश्चिमेकडून झड लागत असेल तर वर पत्र्याची पडवी वाढवून घ्या. झगझगीत गुलाबी-पोपटी रंग उन्हात लवकर उडतात. काळा, गेरू, पिवळी माती टिकतात. संकासुर काळाच असतो, ते बरंच आहे. बाकाच्या पाठीची उंची गडद तपकिरी ठेवा, डोक्याच्या खोबरेल तेलाचे डाग तिथेच पडतात. पिंक टाकायचे कोपरे रिकामे सोडा.

परवानगी लेखी घ्या. स्टँड एसटीचा असेल तर आगारातून, नुसती निवारा शेड असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, आणि गावात कोणाला तरी तुमचं चित्र आवडणार नाहीच.

रंगाचे पैसे देतो म्हणून एखादा रिचार्जवाला नक्की पुढे येईल आणि कोपऱ्यात दुकानाचं नाव मागेल. पैसे घ्या, नाव बाकाच्या खाली घाला.