पाव किलोचं घ्यावं की अर्ध्या किलोचं?

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात पेट्रोल पंप चालवते. रोजची कॅश घेऊन बँकेत मलाच जावं लागतं म्हणून रिव्हॉल्वरचा परवाना मागितला होता, तो मंजूर झालाय. आता निर्भीक आणि निडर या दोन रिव्हॉल्वरांत अडकलेय. निर्भीक .३२ चं (नळीच्या भोकाचं माप, इंचात), टायटॅनियमचं, अर्धा किलो. निडर .२२ चं, अ‍ॅल्युमिनियमचं, निम्म्या वजनाचं आणि किमतीत तर बराच फरक. मिस्टर म्हणतात .२२ म्हणजे खेळणं, घ्यायचंच तर दणकट घे. त्यांच्याकडे शेती संरक्षणाची बंदूक आहे त्यामुळे ते स्वतःला तज्ज्ञ समजतात. मला पर्समध्ये ओझं नको. काय करू?

– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, आधी मिस्टरांचं. .२२ ला खेळणं म्हणू नका, त्याने माणूस मरतो. पण निकाल त्यांच्याच बाजूने लागणार आहे, फक्त कारण वेगळं आहे.

दोन्ही सरकारी कारखान्यांची. निर्भीक कानपूरचं, २०१४ च्या जानेवारीत आलं, डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर बायकांसाठी म्हणून काढलं, नावही त्यावरूनच, आणि तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये. दागिन्याच्या पेटीसारख्या मरून डब्यात घालून द्यायचे, म्हणजे बाईला विकायचं तर डबा पाहिजेच हे कोणीतरी ठरवलेलं दिसतं, असो. वजन ५०० ग्रॅम. निडर बंगालातल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, २५० ग्रॅम, म्हणजे अक्षरशः पावशेर.

आता हलकं म्हणजे चांगलं असं दुकानात वाटतं, पण रिव्हॉल्वर जितकं हलकं तितका तोच दणका हाताला जास्त बसतो. साध्या स्टीलच्या .३२ चं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास असतं, तेच काडतूस अर्ध्या किलोच्या टायटॅनियममधून उडवलं की मनगटाला फरक कळतो. तरी .३२ चं काडतूस मुळात मवाळच आहे, ते १८९६ सालचं डिझाइन, त्याला घाबरायचं कारण नाही. .२२ ला झटका जवळपास नाहीच, तिथे निडरला पैकीच्या पैकी मार्क.

मग मी निर्भीक का म्हणतोय? दोन गोष्टी आहेत. .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे त्याची पेटणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, .३२ ची मधोमध वेगळ्या टोपीत असते. कडेतली दारू कुठे कमी बसली असेल तर चाप ओढला तरी नुसतंच टक् वाजतं. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस येतं हे खरं, पण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी तो टक् आवाज ऐकायची माझी तरी तयारी नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सराव. रिकाम्या .२२ चा चाप घरी सारखा ओढू नये, आतली पिन काडतुसाच्या घराच्या कडेवर आपटते आणि दोन्हींची वाट लागते. .३२ मध्ये खोटी काडतुसं, ज्याला स्नॅप कॅप म्हणतात, ती घालून रोज वीस वेळा ओढा काही होत नाही. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, तोंड भक्कम भिंतीकडे, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि चाप ओढा. पहिले आठ दिवस नाणं पडेल, कारण लांब आणि जड चाप ओढताना सगळी मूठच आवळली जाते नि नळी खाली जाते. नाणं पडायचं थांबलं की रायफल क्लबात जाऊन खऱ्या गोळ्या उडवा. आणि हो, विकत घ्यायच्या आधी दुकानात दुकानदाराला रिकामं करून दाखवायला सांगून निर्भीकचा चाप एका बोटाने सलग सहा वेळा ओढून बघा, बोट थरथरलं तर माझं सगळं उत्तर रद्द, निडरच घ्या.

काडतुसांचं म्हणाल तर .३२ ची आपल्या पुण्यातल्या खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ (किरकी फॅक्टरी) छापलेलं असतं, बहुतेक परवानाधारकांकडे हीच.

पर्सचा विचार मात्र सोडा. किल्ल्या, लिपस्टिक, सुट्टे पैसे यांच्यात रिव्हॉल्वर म्हणजे आपणच अपघाताला आमंत्रण, शिवाय पर्स हिसकावली की शस्त्रही गेलं आणि पोलिसांत जबाब द्यायला तुम्ही. कमरेला होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वरचं म्यान, वरून सैल कुर्ता, अर्धा किलो चार दिवसांत विसराल. आणि बॅग कोणी हिसकावलीच तर कॅश जाऊ द्या, पैशासाठी गोळी घालायची नसते, कायदाही नंतर तुम्हालाच विचारतो की जिवावर बेतलं होतं का.

शेवटचं, तुमच्या हवेबद्दल. टायटॅनियम गंजत नाही पण काडतुसं पितळेची, आणि कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनाभर राहिली तर पितळेच्या भांड्यातल्या ताकासारखी कळकतात, हिरवी होतात. घरी आलं की काढून कोरड्या डब्यात ठेवा, कुलपात, किल्ली तुमच्याकडे, पोरांना डबा कुठाय हेही माहीत नको. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, तेव्हा नंबरासकट पावती घ्या आणि परत मिळालं की पहिलं काम, नळीतून तेलाचा बोळा फिरवा.