नवीन ४ टीबीची हार्ड डिस्क बसवली. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येतो तो सेटिंगचा पडदा) ती दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही. विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे. फॉरमॅट केली तर जुन्या डिस्कवरचे फोटो जातील का?

डिस्क बायोसमध्ये दिसतेय म्हणजे ती ठीक जोडली गेली आहे. कोरी डिस्क अशीच येते. तिच्यावर पार्टिशन, म्हणजे आखून दिलेला भाग, नसतं, म्हणून विंडोज तिला ई, एफ असं अक्षर देत नाही. नव्या डिस्कच्या फॉरमॅटने जुनीवरचे फोटो जात नाहीत. ते जातात चुकून जुनीवर बटण दाबलं गेलं तर.

म्हणून आधी एक करा. कॉम्प्युटर बंद करा, पिन काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा आणि जुन्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून ठेवा. तुमचं विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू होईल.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण मी ते केलं नव्हतं. मी पंचवटीत राहतो, लग्नकार्यांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. २०१८ मध्ये एक टीबीची नवी डिस्क घेतली, तेव्हा आत आधीची एक टीबीचीच होती. दोन्हींवर ९३१ जीबी आणि दोन्हींचं नाव 'न्यू व्हॉल्यूम'. नवी पुन्हा एकदा फॉरमॅट करायला गेलो, राइट क्लिक केलं जुनीवर. क्विक फॉरमॅट चार-पाच सेकंदांत झाला. तिच्यावर २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो होते. १३ सप्टेंबरच्या शाहीस्नानाला आजीला रामकुंडावर नेलं होतं, ते सगळे त्यातच.

एक गोष्ट तेवढी बरोबर केली: त्या डिस्कवर पुढे काहीही कॉपी केलं नाही. क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते, मजकूर वर काही नवीन लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच फोटो दुसऱ्या डिस्कवर काढता आले. पण फोल्डर गेले, नावं गेली, हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने आले. आजी हातात तांब्या घेऊन पायरीवर उभी आहे, त्या फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी आहे. तांब्या दिसत नाही.

आता तुमची नवी डिस्क. विंडोजच्या बटणाबरोबर एक्स दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'इनिशियलाइज डिस्क' अशी खिडकी येईल, त्यात जीपीटी निवडा. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर नको. एमबीआरमध्ये सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, नंबर ३२ बिटांत लिहिला जातो आणि ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केला तर गाडी दोन टीबीपाशी अडते. तुमची निम्मी डिस्क वापराविना पडून राहील. मग काळ्या पट्टीच्या 'अनअलोकेटेड' भागावर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत). हीच डिस्क पुढे मॅकलाही जोडायची असेल तरच एक्सफॅट घ्या.

तिथे ३,७२६ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

क्विक फॉरमॅटची टिक ठेवायची की काढायची? फोटोंसाठी डिस्क घेतली आहे तर मी काढतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज डिस्कभर शून्य लिहितं आणि खराब सेक्टर तपासतं. चार टीबीला सात-आठ तास, कधी जास्तही लागतात. रात्री लावून झोपा, पण आधी कॉम्प्युटर आपोआप झोपी जाण्याची सेटिंग बंद करा आणि यूपीएस असेल तर त्यावर चालवा. मध्येच लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअरही एकदा चालवा. 'पॉवर ऑन अवर्स' हा आकडा नव्या डिस्कवर अगदी थोडा असतो. तिथे हजारो तास दिसले तर डिस्क आधी कुठेतरी वापरलेली आहे, बिल घेऊन परत जा.

झालं की 'न्यू व्हॉल्यूम' हे नाव तसंच सोडू नका. 'फोटो ४ टीबी' असं काही नाव द्या, तेच डिस्कवर मार्करने लिहा आणि मग कॉम्प्युटर बंद करून जुनीची केबल लावा. जुनी उघडताना 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं कधी विचारलं, तर कॅन्सल दाबा आणि मला इथेच लिहा. तो प्रश्न नव्या डिस्कने विचारला तर वेगळी गोष्ट, जुनीने विचारला तर तिचा फाइलींचा तक्ता बिघडलाय आणि फोटो बहुधा अजून आत आहेत.