चेक इंजिनचा दिवा आणि माळ्यावरचा पीसी

प्रश्न: माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. एअर फिल्टर बदलून आणल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागलाय, गाडी तशी बरी चालतेय. माळ्यावरचा एक्सपीवाला पीसी पार्किंगमध्ये आणून ईएलएम ३२७ ची (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी) यूएसबी केबल लावली, हायपर टर्मिनल या कमांड टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये ०३, म्हणजे कोड दाखव अशी कमांड, टाकलं तर नुसतं ४३ ०१ १३ ०० ०० ०० ०० येतं. मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेलाय, नवीन टाका. टाकू का? आणि एवढा जुना पीसी चालतो का याला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: इतक्यात नका टाकू. ४३ म्हणजे तुमच्या ०३ ला आलेलं उत्तर, पुढचं ०१ १३ म्हणजे कोड पी०११३, बाकीची शून्यं म्हणजे दुसरा कोड नाही. पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. सर्किटमध्ये, हे लक्षात घ्या, सेन्सर खराब असं कोड म्हणतच नाही, आणि बरेच मेकॅनिक नेमकं इथेच पार्ट बदलून मोकळे होतात.

आता चावी ऑन करा, इंजिन बंदच राहू दे, आणि ०१०एफ, म्हणजे त्या हवेचं तापमान विचारणारी कमांड, टाइप करा. उत्तर ४१ ०एफ आणि एक आकडा असं येईल, तो आकडा हेक्समधला (१६ च्या पटीत मोजणारा) असतो, त्याचा साधा आकडा करून त्यातून ४० वजा केले की डिग्री सेल्सिअस. ०० आलं तर उणे ४०! सांगलीत उणे ४० कुठून येणार, म्हणजे वायर तुटलीय, कनेक्टर निघालाय किंवा सेन्सर आतून ओपन झालाय (आतलं कनेक्शन तुटलंय). फिल्टर बदलल्यावरच हे सुरू झालं म्हणता, मग आधी फिल्टर बॉक्सजवळचा प्लग नीट बसलाय का तेच बघा ना. बसलेला असेल आणि सेन्सर दोनच पिनांचा असेल तर प्लग काढून त्याच्या दोन टोकांना छोट्या वायरने जोडा, ०१०एफ पुन्हा टाकल्यावर तापमानाने एकदम वर उडी मारली तर वायरिंग ठीक, मग खुशाल सेन्सर घ्या. उणे ४० वरच अडकलं तर वायर शोधा. सेन्सर चार पिनांचा, प्रेशरसकट असेल तर हा प्रयोग करू नका.

पीसीचं म्हणाल तर आरामात चालतो. त्या शून्यांवरून तुमची गाडी के-लाइनवाली, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या जुन्या, हळू पद्धतीची दिसते (कॅन या नव्या, वेगवान पद्धतीची असती तर ४३ नंतर आधी किती कोड आहेत तो आकडा आला असता), आणि के-लाइनचा वेग सेकंदाला फक्त १०४०० बिट, पेंटियमला ते काहीच नाही. काही बरळल्यासारखी अक्षरं आली तर पोर्टचा स्पीड ३८४०० करून बघा.

एक मात्र, ०४ टाकलं की कोड पुसला जातो आणि कोड पडला तेव्हाचे रीडिंगही त्याच्याबरोबर जातात, म्हणून आधी सगळं वहीत उतरवा आणि दुरुस्ती झाल्यावरच ०४ टाका.